बी. एन. रावांना फक्त २६ नोव्हेंबरपुरतं बाहेर काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संविधान दिन जवळ आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज येतोच, की घटना खरी लिहिली सर बेनेगल नरसिंग राव यांनी आणि बाबासाहेबांचं उगाच नाव झालं, आणि त्याखाली पटापट अंगठे पडतात. यंदाही आला. मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली आणि त्यातला बराच काळ मसुदे करण्यात गेला, म्हणून हे पत्र लिहायला बसलो, नाहीतर वाद घालायची मला हौस नाही.

आमच्याकडे मसुदा कसा व्हायचा सांगतो. खालच्या टेबलावर पहिला कच्चा मसुदा व्हायचा, तो नस्तीत लावून वर जायचा, साहेब समासात दुरुस्त्या करायचे, विधी विभागाचा अभिप्राय यायचा, परत खाली, परत टायपिंग, असं चार-पाच वेळा झाल्यावर शेवटी सही व्हायची. आणि सभागृहात कुणी उठून विचारलं की हे कलम असं का, तर उत्तर द्यायला पहिला मसुदा करणारा उभा राहत नाही, ज्याने तो मांडला त्यालाच उभं राहावं लागतं. दोन्ही कामं मोठी आहेत पण ती वेगवेगळी आहेत, आणि हे ज्याने आयुष्यात एक जीआर जरी काढलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

संविधान सभेचे सल्लागार म्हणून रावांनी केलेला मसुदा १९४७ च्या ऑक्टोबरात तयार झाला, त्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं होती. शेवटी जी घटना मंजूर झाली ती ३९५ कलमांची आणि ८ परिशिष्टांची. मधल्या काळात ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेत, आणि त्याच भाषणात त्यांनी सांगितलंय की मला दिलं जाणारं श्रेय माझ्या एकट्याचं नाही, त्यातलं काही राव यांचं आहे कारण कच्चा मसुदा त्यांनी केला. म्हणजे मेसेजवाले जे 'लपवलेलं सत्य' म्हणून पाठवतात ते बाबासाहेबांनीच भर सभेत सांगून ठेवलंय! आणि मसुदा समितीतलेच टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच्या आदल्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९४८ ला सांगितलं होतं की बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या या समितीच्या सातपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत, कुणी दिल्लीपासून लांब, आणि सगळा भार शेवटी आंबेडकरांवर पडला. तो भाग मात्र मेसेजमध्ये कधीच नसतो.

पण मला जास्त वाईट वाटतं ते रावांचं. एवढ्या मोठ्या माणसाचं सगळं आयुष्य एका दिवसाच्या भांडणात संपवून टाकलं आपण. जन्म मंगळूरचा, १८८७ चा. केंब्रिजला शिकले, १९१० ला आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेत जाऊन बंगालमध्ये लागले. १९३५ चा भारत सरकार कायदा आल्यावर देशातले सगळे जुने कायदे त्याच्याशी जुळवून घ्यायचं किचकट काम त्यांच्याकडे, मग कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश, सिंधूच्या पाण्यावरून सिंध-पंजाबचा तंटा झाला तर त्या आयोगाचे अध्यक्ष, १९४४-४५ ला काश्मीर संस्थानचे पंतप्रधान, आणि १९४६ पासून संविधान सभेचे सल्लागार, तेही बिनपगारी.

मध्येच हिंदू कायदा समिती येते, जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. तिचे अध्यक्ष राव, आणि सदस्यांत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल ज. र. घारपुरे. मुलीला वारसा, घटस्फोट, हे सगळं त्या समितीच्या मसुद्यात होतं. तोच मसुदा पुढे कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी हातात घेतला, दुरुस्त केला, त्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या आणि १९५१ ला राजीनामा दिला. म्हणजे एकाने पहिला मसुदा करायचा आणि दुसऱ्याने तो सभागृहात लढवायचा हे या दोघांच्या बाबतीत एकदा नाही, दोनदा झालंय, आणि आपण त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करतोय.

आणि साठी ओलांडल्यावर हा माणूस डिप्लोमॅट झाला. संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी. भारत सुरक्षा परिषदेवर पहिल्यांदाच निवडून आलेला, जून १९५० चं अध्यक्षपद पाळीने आपल्याकडे, आणि २५ जूनला, रविवारी, कोरियात युद्ध पेटलं. त्या दिवशी न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेसला, जिथे तेव्हा परिषद भरायची, अध्यक्षाच्या खुर्चीत राव होते. चीनची जागा तिथल्या नव्या कम्युनिस्ट सरकारला देत नाहीत म्हणून रशियाने बहिष्कार घातलेला, त्यामुळे नकाराधिकार वापरायला कुणी नाही. उत्तर कोरियाने मागे हटावं या पहिल्या ठरावाला भारताने होकार दिला. दोन दिवसांनी, २७ तारखेला, दक्षिण कोरियाला लष्करी मदत करायचा ठराव आला आणि दिल्लीहून आदेशच पोचलेला नाही. राव मतदानात भाग घेऊ शकले नाहीत, इजिप्तचंही तेच झालं. ठराव सात मतांनी पास झाला. दिल्लीने २९ तारखेला तो मान्य केल्याचं कळवलं.

मी हे वाचतो तेव्हा माझ्यासमोर तो खुर्चीतला ६३ वर्षांचा माणूस येतो, सगळं जग बघतंय, उजव्या-डाव्या हाताचे देश मत देतायत आणि वरून आदेश नाही. स्वतःचं मत काहीही असो, देशाचं मत म्हणून ते द्यायचं नाही, थांबायचं. आदेशाची वाट बघत मीटिंगमध्ये जो बसलाय त्यालाच ते काय असतं ते माहीत, आणि आमच्या मीटिंगा कसल्या, तिकडे युद्ध होतं. मला तरी त्यांचं थांबणं शंभर टक्के बरोबर वाटतं. त्याच वर्षी डिसेंबरात युद्धबंदीसाठी तिघांचा गट नेमला, इराणचे एन्तेझाम, कॅनडाचे पिअर्सन आणि आपले राव. तोवर युद्धात उतरलेल्या चीनने तेव्हा ऐकलं नाही, लढाई थांबायला १९५३ चा जुलै उजाडला. राव तोवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाले होते, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला झुरिचला वारले.

तुम्हाला विनंती एवढीच, की या २६ तारखेच्या पुरवणीत बाबासाहेबांच्या त्या भाषणातला श्रेयाचा उतारा पूर्ण छापा. त्यात रावांनंतर मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं नाव आहे, त्यांना तर बाबासाहेबांनी श्रेयाचा फार मोठा वाटा दिलाय आणि त्यांचा मेसेज मला आजपर्यंत एकदाही आलेला नाही. आणि शेजारी रावांच्या न्यूयॉर्कच्या दिवसांवर अर्धं पान द्या. कात्रण मी स्वतः सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावेन आणि फोटो काढून ग्रुपवरही टाकेन.

आपला,
एक निवृत्त कक्ष अधिकारी, ठाणे