आई, समुद्रापर्यंत बस जाते

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, घराची काळजी करू नका, तुळशीला रोज पाणी घालतेय आणि मागच्या खिडकीची जाळी पण बसवून घेतली, आता कबुतरं आत येत नाहीत. आईचे गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके सुकले आणि वॉकर सुटला हे दादाने सांगितलं तेव्हा मला खूप बरं वाटलं गं आई, त्या रात्री मी शांत झोपले. फोनवर तुम्ही दोघं घाईत असता आणि मग दादाच्या घरचा आवाज, टीव्ही, म्हणून हे सगळं नीट लिहूनच पाठवतेय, बाबा चष्मा लावून आईला वाचून दाखवा.

मी गेल्या आठवड्यात दीवला जाऊन आले. एकटी. तुम्हाला आधी सांगितलं नाही कारण आई काळजी करत बसली असती. बडोद्याहून रात्रीच्या ट्रेनने वेरावळ, तिथून बसने उना, उन्याहून दुसऱ्या बसने दीव, आणि दीवच्या स्टँडवरून तिसऱ्या बसने नागोआ बीच. कुठेही टॅक्सी केली नाही, मुद्दाम नाही केली, कारण मला बघायचं होतं की आईला नव्या गुडघ्याने हे जमेल का. जमेल. दोन तीन ठिकाणी त्रास आहे, तो खाली लिहितेय, पण जमेल.

दादा म्हणतो मी गाडी करून देतो, दारातून बसा आणि बीचवर उतरा, आणि त्याचं प्रेम मला कळतं. पण आई, बडोद्याहून दीव म्हणजे अख्खा दिवस गाडीत पाय दुमडून बसायचं, आणि तुझ्या डॉक्टरांनी तर सांगितलंय की एका जागी फार वेळ बसायचं नाही. ट्रेनमध्ये लोअर बर्थवर पाय लांब करून झोपता येतं, मधे उठून चार पावलं चालता येतं, बाथरूम डब्यातच. संध्याकाळी आपल्या स्टेशनवर बसायचं, अमदावाद गेलं की जेवायचं, आणि राजकोट जूनागढ झोपेतच निघून जातं, डोळे उघडले की वेरावळ येत असतं. बाबा, तुमची प्रतापनगर वर्कशॉपमधली सगळी वर्षं रेल्वेत गेली, रिटायर झाल्यावरचा पास कपाटात पडून असतो, तो याच्यासाठी नाही वापरायचा तर कशासाठी?

वेरावळला उतरल्यावर घाई करायची नाही. मी घाई केली, तोंड धुऊन लगेच बस पकडली, आणि दुपारपर्यंत अंग आंबून गेलं. तुम्ही सोमनाथला एक रात्र थांबा, स्टेशनपासून जवळच आहे, ट्रस्टची गेस्ट हाऊस आहेत आणि ऑनलाइन बुकिंग होतं, ते मी करीन. मोठं देऊळ बघाच, ११ मे १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या हातून प्रतिष्ठा झालेलं. पण आई तुला मी मुद्दाम दुसऱ्या देवळात नेणार आहे, त्याच्या जवळच अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ आहे. मोठ्या देवळात रांग आणि सिक्युरिटी, इथे मात्र दोन मिनिटं शांत बसता येतं. इतक्या लांब येऊन त्या बाईंनी हे उभं केलं, मला तिथे भरून आलं. सकाळी तिथे गरम गाठिया, तळलेली मिरची आणि पपयाचा संभारो मिळतो, बाबांनी मिरची खाऊ नये.

आता बस. वेरावळ ते उना दोन तासांपेक्षा जास्तच लागतात, रस्त्यात नारळाच्या वाड्या, ऊस, मधेच खाऱ्या वाऱ्याचा वास, आणि वाटेत कोडीनार येतं. बाबा, कोडीनार आपल्या गायकवाडांच्या राज्यात होतं, अमरेली प्रांतात! आजूबाजूला दुसऱ्यांची संस्थानं आणि मधे बडोद्याचा एवढासा तुकडा. बस तिथे थांबली तेव्हा मी खिडकीतून नुसती बघत बसले, म्हटलं बाबा असते तर शेजारच्या माणसाला पकडून सयाजीरावांपासून सुरू केलं असतं. तुम्ही या आणि खरंच सांगा कोणाला तरी, लोक ऐकतात तिकडे, सौराष्ट्रातली माणसं गप्पांना नाही म्हणत नाहीत.

आई, बसची पहिली पायरी उंच आहे. मी हाताने मोजली, माझ्या दोन वितींपेक्षा थोडी जास्तच. तुला एकदम नाही जमणार, पण दाराच्या आत उजव्या हाताला उभा दांडा असतो तो धरायचा, आणि तुझ्या फिजिओवाल्या ताईंनी शिकवलंय ना, चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, तेच इथे करायचं. मी मागून कंबरेला धरीन, बाबा आधी चढून हात देतील. माझ्या बसमध्ये एक आजी चढत होत्या, कंडक्टर खाली उतरून उभा राहिला आणि म्हणाला, “बा, निरांते चडो, बस क्यांय नथी जवानी.” सावकाश चढा, बस कुठे जात नाही, हे ऐकून माझा अर्धा घोर तिथेच गेला. आणि सीट पुढची घ्यायची, दाराजवळची दोनची, तिथे पाय थोडा बाहेर काढून ठेवता येतो, मागच्या सीटवर खड्ड्यात फार आदळतं.

त्रासाची जागा बाथरूमची आहे हे स्पष्ट लिहिते, कारण आई तू याच्यामुळेच प्रवासात पाणी पीत नाहीस हे मला लहानपणापासून माहितीये. वाटेत एका स्टँडवर बायकांच्या बाथरूमला कुलूप होतं आणि चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं, मी तशीच पुढे गेले. म्हणून आपण सोमनाथहून निघताना रूमवर जाऊन निघायचं, आणि उन्याला उतरून सरळ एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घ्यायचा, तिथलं बाथरूम वापरायचं, अर्धा तास गेला तर गेला, उन्याहून दीवच्या बसेस मिळत राहतात. पण पाणी प्यायचंच. ऑपरेशननंतर पाणी न पिता बसायचं नाही म्हणजे नाही.

उना ते दीव साधारण पंधरा किलोमीटर. देलवाडा जातं, मग घोघला येतं, घोघल्यालाच चेकपोस्ट, आणि मग पूल. पुलावर बस चढली की दोन्ही बाजूंना पाणी, मासेमारीच्या होड्या रंगीत झेंडे लावून उभ्या, लांब पाण्यात पानीकोठा दिसतो, छोटासा किल्ला, जहाज नांगरून ठेवल्यासारखा. आई तू खिडकीकडे बस, मी बाबांना आधीच सांगून ठेवते.

दीवच्या स्टँडला जेठीबाईचं नाव आहे. पोर्तुगीजांच्या काळातली कापड छापणारी बाई, अनाथ मुलांना जबरदस्तीने बाटवायचे त्याच्याविरुद्ध तिने ओढणीवर अर्ज लिहून थेट पोर्तुगालच्या राणीला पाठवला असं इथे सांगतात. स्टँडवरचा एक फळवाला मला हे सांगत होता आणि सांगताना जरा ताठ उभा राहिला.

बाबा, किल्ल्यासाठी एक वेगळी सकाळ ठेवा. आपण पावागडला जाताना चांपानेरचे पडके दरवाजे बघतो ना, तिथल्याच गुजरातच्या सुलतान बहादूरशाहची ही पुढची गोष्ट आहे. १५३५ मध्ये हुमायूनने चांपानेर घेतलं, बहादूरशाह पळत दीवला आला, आणि मदत पाहिजे म्हणून त्याने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन वर्षांत, १५३७ ला, त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो इथल्या समुद्रात मेला. किल्ला मात्र राहिला, आपल्या लोकांनी १७३९ ला वसई घेतली तरी दीव त्यांच्याकडेच राहिलं ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. आत तोफा अजून पडून आहेत. चढ आहे, दगड गुळगुळीत झालेत, आईने दरवाजाजवळ सावलीत बसावं, तुम्ही आणि मी वर जाऊ. आणि खुकरीच्या स्मारकाला पण जायचंय. ९ डिसेंबर १९७१ ला आपल्या नौदलाची आयएनएस खुकरी याच समुद्रात बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, आणि कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

नागोआ बीच दीव गावापासून सातेक किलोमीटरवर आहे. लोकल बस जाते पण सारखी नसते, वेळ स्टँडवर विचारून ठेवायची, आणि संध्याकाळी परत येताना बसची वाट बघायची नाही, रिक्षा करायची, हा एक खर्च बाबांनी मला करू द्यावा. वाटेत फुदमला गंगेश्वर आहे, समुद्राच्या कडेला खडकात पाच शिवलिंगं, भरतीचं पाणी येऊन त्यांना न्हाऊ घालतं, पांडवांनी स्थापली म्हणतात. तिथे पायऱ्या उतरायच्या आहेत आणि त्या ओल्या असतात. आई, तू वरूनच हात जोड. ही एकच जागा आहे जिथे मी तुला अजिबात उतरू देणार नाही.

आणि बीच. आई, कसं सांगू. घोड्याच्या नालेसारखा वळलेला किनारा, लाटा छोट्या, पाणी लांबपर्यंत उथळ. कडेने होक्याची झाडं, म्हणजे बाबा आपण ज्याला रावणताड म्हणतो ते, ताडाला फांद्या फुटलेल्या, एका खोडाचे दोन, दोनाचे चार. मी पोचले तेव्हा चार वाजले होते, पॅरासेलिंगवाले, जेट स्कीवाले सगळा आवाज चालू होता, तो आवाज मला नाही आवडला, पण किनाऱ्याच्या टोकाला चालत गेलं की कमी होतो. कोरड्या वाळूत पाय रुततो, तिथे तुला चालवणार नाही, ओली वाळू मात्र घट्ट असते, अंगणासारखी, तिच्यावर तू माझा हात धरून आरामात चालशील. मी तुझ्यासारखंच हळूहळू, एक पाय जरा आखडून चालून बघितलं. रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंत फक्त ऐंशी पावलं.

तिथे राजकोटकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्या म्हाताऱ्या आईला त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून खुर्ची पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली होती. लाट आली की त्या निऱ्या गुडघ्यात धरायच्या आणि पाय उचलायच्या, लाट गेली की पाय परत ठेवायच्या, पायाखालची वाळू सरकली की खुर्चीचा हात घट्ट धरायच्या. किती वेळ करत होत्या ते. त्यांच्या मुलाने मला नारळपाणी दिलं आणि विचारलं एकट्याच आलात का, मी म्हटलं आईसाठी रस्ता बघायला आले. पुढे मला बोलता नाही आलं.

आई, तू कधी बोलली नाहीस पण मला ते १९९६ आठवतं. बाबांनी दिवाळीची सुट्टी जोडून घेतली होती, दीवला जायचं ठरलं होतं, लीलो चिवडो आणि भाकरवडी डब्यात भरलेली, बॅगा दारात, आणि त्या सकाळी आजी न्हाणीघरात घसरली. तू काही न बोलता बॅग उघडलीस आणि कपडे परत कपाटात ठेवलेस. आजीचं सगळं तू केलंस, पाच वर्षं. आणि समुद्रासाठी म्हणून मंगळबाजारातून आणलेल्या त्या निळ्या प्लॅस्टिकच्या चपला तू मोरीत घालायला काढल्यास, झिजून टाच गेली तोपर्यंत वापरल्यास. मला तेव्हा कळलं नव्हतं. आता मी त्याच मोरीत उभी राहून कपडे धुते आणि कळतं.

तारखेचं असं म्हणतेय. पावसाळ्यात पाण्यात उतरायला बंदी असते, दिवाळी आणि ३१ डिसेंबरला पाय ठेवायला जागा नसते, रविवारी दारू प्यायला येणारी गर्दी असते, परत जाताना चेकपोस्टवर बॅगा उघडून बघतात त्यात वेळ जातो. म्हणून उत्तरायण झालं की जाऊ, बाबांना गच्चीवर पतंग उडवल्याशिवाय चैन पडणार नाही हे मला माहितीये, त्यानंतरच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार. ट्रेनचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं म्हणजे आत्ताच करायला पाहिजे, दोन लोअर बर्थ पाहिजेत, उशीर केला तर मिळणार नाहीत. लॉजचं मी या वेळी पक्कं लिहून घेणार आहे, मागच्या खेपेला फोनवर हो म्हणाले आणि पोचले तर खोली दुसऱ्याला दिलेली, रात्री आठ वाजता दुसरी शोधली. तुमच्याबरोबर असं होऊ देणार नाही.

आई, फिजिओवाल्या ताईंना विचार की जानेवारीपर्यंत दोन वितींची पायरी चढता येईल का, आणि दादाकडच्या जिन्यावर आत्तापासून रोज थोडी प्रॅक्टिस कर, बाबांना बाजूला उभं करून. त्या हो म्हणाल्या तरच तिकीट काढते, नाही म्हणाल्या तर फेब्रुवारी. रविवारपर्यंत मला सांगा. बाबा, पासचा नंबर आणि आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका.

काल मंगळबाजारात जाऊन आईसाठी चपला आणल्या. मागे पट्टा आहे, तळ खरबरीत आहे, ओल्या वाळूत सटकणार नाहीत. निळ्या तुझ्या मापाच्या मिळाल्या नाहीत, तीन दुकानं फिरले. चॉकलेटी आहेत.

तुमची,
छकुली