कॉफी, साखर आणि तुझा ६.१

प्रिय सुहास,

तुझा रिपोर्ट परवा पाहिला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६.१; उपाशीपोटी साखर ११२. दोन ओळींच्या मेसेजमध्ये उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. ‘मला डायबेटिस झाला’ असं तू लिहिलंस, ते आधी मनातून काढून टाक. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. मी चार वर्षं तिथेच आहे. इथून मागे फिरता येतं, आणि तू फिरावंस असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुझा प्रश्न. दिवसाला चार कप कॉफी सुरू केली तर साखर उतरेल का?

तुला कुणी सांगितलं ते हवेतलं नाही. २००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सतरा हजारांवर लोकांची पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. रोज सात किंवा जास्त कप पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका, दोन किंवा कमी कप पिणाऱ्यांपेक्षा निम्मा निघाला. पुढे २०१४ मध्ये अशा २८ अभ्यासांतल्या ११ लाखांवर लोकांची आकडेवारी एकत्र मांडली, तरी कल तोच. गंमत म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीतही तो दिसला. म्हणजे गुण कॅफीनचा नसावा. क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांकडे बोट दाखवलं जातं.

पण सुहास, या सगळ्या नुसत्या पाहण्या आहेत. कॉफी पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात. प्रत्यक्ष कॉफी पाजून पाहिलं तेव्हा काय झालं, ते जास्त महत्त्वाचं. सिंगापूरमध्ये वजन जास्त असलेल्या आणि इन्सुलिन नीट काम करत नसलेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच, १२६ जणांवर असा प्रयोग झाला. काहींना २४ आठवडे रोज चार कप कॉफी, बाकीच्यांना तसंच दिसणारं दुसरं पेय. अंगातली चरबी थोडी घटली, पण इन्सुलिनच्या कामात फरक पडला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आवडते म्हणून पी, औषध म्हणून पिऊ नकोस.

आणि कधी पितोस तेही बघ. गेल्या वर्षी घरात आजारपण होतं. रात्र जागून काढली, पहाटे रिकाम्या पोटी कडक काळी कॉफी घेतली आणि मग नेहमीचा नाश्ता केला. तासाभराने बोट टोचलं तर मीटरवर १९४. एरवी त्याच नाश्त्यानंतर दीडशेच्या आसपास असते. मी घाबरलोच. नंतर वाचलं की इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. झोपमोड झाल्यावर नाश्त्याआधी कडक काळी कॉफी दिली, तर निरोगी माणसांचीही साखर त्यानंतर जवळपास ५० टक्क्यांनी जास्त चढली. कॅफीनने ॲड्रेनलिन वाढतं आणि स्नायू तेवढ्यापुरती साखर कमी उचलतात. तेव्हापासून माझा पहिला कप नाश्त्यानंतरच. दुपारनंतर तर कॉफी बंदच, कारण प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायलाच पाचेक तास लागतात, आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी साखर बिघडते.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. तुझी कॉफी मला पाठ आहे: दोन चमचे साखर, तीही शिगोशीग. काल वजनकाटा काढून मोजलं. सपाट चमच्यात चार ग्रॅम, शिगेच्या चमच्यात सात. तुझ्या हिशोबाने चार कपांत ५६ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि २५ च्या आत आली तर आणखी चांगलं. जो कप साखर उतरवायला घ्यायचा, त्यातच ती ओतायची? एकदम बंद करू नकोस, जमणार नाही. मी दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलो. तिसऱ्या आठवड्यात बेचव लागत होती, दोन महिन्यांनी कॉफीचा स्वतःचा कडवटपणा आवडायला लागला.

कोलेस्टेरॉलही वाढलंय तुझं, तेव्हा कागदी फिल्टरमधून गाळलेली घे. न गाळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. धडधड किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

चार कपांपेक्षा मोठा आधार आहे तो चालण्याचा. २००२ मध्ये अमेरिकेत धोक्याच्या टप्प्यावरच्या ३,२३४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी, एवढं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. कॉफीच्या कुठल्याच प्रयोगाने असं काही दाखवलेलं नाही. तुझं वजन ८२, म्हणजे सहा किलोच्या आत काम आहे.

सोमवारपासून रोज सकाळी साडेसहाला फोन करतो. तू तिकडे चाल, मी इकडे चालतो, बोलता बोलता अर्धा तास होईल. तीन महिन्यांनी दोघंही एचबीए१सी करू. तपासणीच्या दिवशी मात्र उपाशीपोटी रक्त देईपर्यंत फक्त पाणी, काळी कॉफीसुद्धा नाही.

तुझाच,
अविनाश