माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र: अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या शिक्षणाचं बघा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सचा नूरच पालटतो. रस्त्यांवर डांबर पडतं, रवी भवनाला रंग लागतो आणि तात्पुरत्या कार्यालयांत संगणक, प्रिंटर, नेटच्या जोडण्या होतात. त्या जोडणारी पोरं बहुतेक कंत्राटी. मीही याच कामातला, नागपुरात सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारा. मागणी एकच आहे: सरकारी यंत्रणा ज्यांच्या हातात आहे, त्या प्रत्येक आयटी कर्मचाऱ्याला दरवर्षी सायबर सुरक्षेचं ठरावीक तासांचं शिक्षण बंधनकारक करा. कंत्राटदाराच्या माणसांनाही.

एमएस-सीआयटी एकदा पास झालं की निवृत्तीपर्यंत काळजी मिटते. टंकलेखनापुरतं ते ठीक आहे, फायरवॉलपुरतं (नेटवर्कमध्ये बाहेरून कोणी घुसू नये म्हणूनची राखण) नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. आमच्याच क्षेत्रातलं सीआयएसएसपी प्रमाणपत्र टिकवायचं तर तीन वर्षांत १२० तास. मग जिल्ह्याची कागदपत्रं ज्या सर्व्हरवर आहेत, तो सांभाळणाऱ्याला कोणी काहीच का विचारत नाही?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत कधी काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपायच्या असतात. सरकारी कार्यालयांनाही हे लागू आहे. पण घटना ‘लक्षात’ येणार कोणाच्या? रात्री दोनला एखाद्या अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅडमिन लॉगिन झालं, हे लॉगमध्ये दिसतं. लॉग वाचायला शिकवलेला माणूस हवा ना.

एका कार्यालयातलं दृश्य सांगतो, नाव घेत नाही. कपाटात सर्व्हर, शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क. बॅकअप रोज होतो, वहीत सही होते. पण ती डिस्क चोवीस तास त्याच सर्व्हरला जोडलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला की मूळ फायलींसोबत बॅकअपलाही कुलूप लागेल, आणि वहीतल्या सह्या तेवढ्या वाचतील. बॅकअपवरून माहिती परत आणून बघितली का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, “तशी वेळच आली नाही.” त्या पोराचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा रुग्णनोंदणी कित्येक दिवस कागदावर चालली. नेटवर्कची नीट विभागणी (एका भागातला हल्ला दुसऱ्यात पसरू नये म्हणून केलेले वेगळे कप्पे) नव्हती, हे कारण सरकारनेच संसदेत सांगितलं. हे ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ छाप पोस्टरने सुटणारं दुखणं नाही. लिंकचं शिक्षण सगळ्यांना द्याच, पण नेटवर्कची विभागणी, पॅच लावणं (सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणं), बॅकअपची चाचणी हे आयटीवाल्यांचं वेगळं शिक्षण आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने हा फरक ओळखलाय. तिथे सरकारी खात्यांतल्या आयटी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या निरंतर शिक्षणाचे बंधनकारक निकष ठरवण्याची तरतूद २०१७ मध्ये कायद्यात आली. इतर कर्मचाऱ्यांचं वार्षिक प्रशिक्षण २०१९ मध्ये.

आता आमची भीती. आदेश निघेल, एक ऑनलाइन कोर्स येईल, ऑफिसातला एकच जण दहा जणांच्या लॉगिनने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबेल आणि शंभर टक्के अनुपालनाचा अहवाल मंत्रालयात पोहोचेल. तसं होणार असेल तर राहू द्या. निम्मे तास तरी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत हवेत: बंद पाडलेला सर्व्हर बॅकअपवरून उठवून दाखवा, मगच तास धरा. त्यासाठी गडचिरोली-गोंदियाच्या माणसाला मुंबईला पळवू नका. नागपुरात व्हीएनआयटी आहे, बुटीबोरीला ट्रिपल आयटी आहे. त्यांच्याशी बोलता येईल.

आणि पैसा. मी पाहिलेल्या निविदांमध्ये माणसांची संख्या असते, पात्रता असते, सर्वांत कमी दर तर असतोच. वर्षाच्या शिक्षणाची ओळ दिसली नाही. ती नसेल तर कंत्राटदार पोराला सुट्टी देणार नाही आणि फी त्याच्याच पगारातून जाईल. तेव्हा शिक्षणाचे तास कामाचे तास धरले जावेत आणि खर्च निविदेतच दाखवला जावा. शासन निर्णय काढाल तेव्हा ‘कर्मचारी’ या व्याख्येत बाह्यस्रोताने घेतलेला माणूस स्पष्ट शब्दांत लिहा. नाहीतर वाद तिथेच सुरू होईल.

कळावे,
आपला,
नागपुरातील एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर