सूचना : गणपतीच्या कामांआधी डोंगल तपासा

सर्व सभासदांना नमस्कार.

गणपतीची रेकॉर्डिंगं सुरू व्हायच्या आत आपापला आयलॉक, म्हणजे प्लगइनची लायसन्सं ठेवणारा यूएसबी डोंगल, एकदा बघून घ्या. मागच्या वर्षी माझा लॅपटॉप मांडीवरून घसरला. स्क्रीनला साधा ओरखडा नाही, पण बाजूला खोचलेला डोंगल मुळापासून वाकला. काचेपलीकडे गायिका हेडफोन लावून उभी आणि सेशनमधले निम्मे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेली आवाजाची जादा सॉफ्टवेअरं) बंद! तेव्हापासून मी तो वीतभर केबलच्या हबवर लावतो, थेट लॅपटॉपला कधीच नाही.

आयलॉकचं लायसन्स मॅनेजर ॲप उघडून ‘झिरो डाउनटाइम’ चालू आहे का पाहा. वर्षाची फी भरावी लागते, पण डोंगल बिघडला तर नवा येईपर्यंत तात्पुरती लायसन्सं मिळतात. चोरी झाली, हरवला, तरी त्यात संरक्षण आहे. मात्र हे सगळं डोंगल धडधाकट असतानाच घ्यायचं. नवं प्लगइन घेतलं की डोंगल त्याच ॲपमधून सिंकही करा.

क्लाउडवर लायसन्स ठेवणाऱ्यांनो, तिथे इंटरनेट अखंड लागतं. गावाकडच्या कार्यक्रमाला त्याच्या भरवशावर जाऊ नका. लायसन्स थेट कॉम्प्युटरवर असेल तर फॉरमॅट मारण्याआधी ते काढून घ्या.

क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं ११ किंवा त्याहून जुनं व्हर्जन वापरणाऱ्यांसाठी खास : ते बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीची ई-लायसेन्सर ही लायसन्स सेवा मे २०२५मध्ये बंद झाली. ई-लायसेन्सरची यूएसबी किल्ली (तिचा डोंगल) गेली की लायसन्स गेलं. पाकिटात, चिल्लरमध्ये ठेवू नका, प्लीज.

डोंगलच्या मागचा नंबर फोटो काढून ठेवा. ग्रुपवर मात्र टाकू नका.

– ॲडमिन