सत्तेचाळीस बायकांची साइट

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आमच्या साइटवर बायका सत्तेचाळीसच आहेत. पाळणाघर बंधनकारक नाही." जुन्या नियमाप्रमाणे तुझं बरोबर असतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तरच त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायला सांगितली होती. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही आधी पन्नासचाच आकडा होता, १९७६ मध्ये तो तीसवर आणला. पण हे कायदे बायका मोजायचे रे, मुलं मोजत नव्हते. सत्तेचाळीस बायकांची साठ मुलं असली तरी कागदावर ती नव्हतीच. आणि बापाला तर कुणी धरलंच नव्हतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे त्यात पन्नास 'कर्मचारी' आले, बाई-पुरुष दोघंही.

मी बावीस वर्षं पत्र्याच्या शेडमधली पाळणाघरं सांभाळली. म्हणून हे काम कुठून सुरू झालं ते तुला माहीत असावं असं वाटतं.

१९६९ हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. दिल्लीत राजघाटाजवळ त्यानिमित्तच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. मजूर बायका घमेली वाहत होत्या आणि त्यांची तान्ही मुलं तिथेच धुळीत पडलेली होती. मीरा महादेवन यांनी ते पाहिलं आणि तिथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था त्यातून उभी राहिली. १९७२ मध्ये मुंबईतही काम सुरू झालं. इमारत पुरी झाली की मजूर पुढच्या साइटवर जातात, तेव्हा पाळणाघरानेही बिऱ्हाड उचलून त्यांच्या मागे जायचं, म्हणून ते फिरतं.

त्याच्या कितीतरी आधी, १८४४ साली, पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो नावाच्या गृहस्थांनाही हाच प्रश्न पडला होता. गरिबांच्या मुलांसाठी शाळा होत्या, पण दोन वर्षांखालच्यांना घ्यायला कुणी नव्हतं. आपल्याकडे १९७५ मध्ये अंगणवाड्या आल्या. त्यांचं मोल मी कमी करणार नाही. पण अंगणवाडी काही तासांत सुटते आणि स्लॅबचं काम अंधार पडेपर्यंत चालतं. मधल्या वेळात तान्ह्याला कोण बघणार?

त्याची बहीण. संस्थेला हे पहिल्याच काळात कळलं. तान्ह्यांसाठी सोय केली, तर त्यांना कडेवर घेऊन मोठी भावंडंही आली, मग बालवाडी आणि शिकवणीचे वर्गही सुरू करावे लागले. माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती, सात वर्षांची असेल. दोन दिवस दारातच उभी राहिली, भावाला आमच्या हातात देईना. तिसऱ्या दिवशी तिने त्याला झोळीत ठेवलं आणि पाटी घेऊन बसली. पण उभी राहिली की कडेवर कुणी नसतानाही एका बाजूला झुकायची. ते सरळ व्हायला कितीतरी दिवस गेले. पाळणाघर म्हणजे झोपलेली बाळं एवढंच लोकांना दिसतं. मला अजून ती कंबर दिसते.

तूही त्याच झोळ्यांत झोपला आहेस. मी पगारी ताई होते म्हणून तुला सोबत नेता आलं. बाहेर वाळू चाळणाऱ्या बाईला ती सोय माझ्या खोलीमुळे मिळत होती. दुपारी ती हात धुऊन धावत यायची, बाळाला पाजायची, त्याचं अंग चाचपून बघायची आणि परत जायची. मुकादम या दहा मिनिटांवरून कुरकुरायचे. पण ज्या साइटवर खोली होती तिथल्या बायका वरच्या मजल्यावर काम करताना सारख्या खाली वाकून बघत नसत. तू इंजिनिअर आहेस, पडण्याचा धोका तुला मी काय सांगू.

तेव्हा उद्या साहेबांशी बोल. मुलांची यादी मात्र तू स्वतः कर, ठेकेदाराला विचारू नकोस, पालांमधून फिर. खोली तळमजल्यावर घे, क्रेनच्या फिरण्याबाहेर. सिमेंटच्या गोणींची खोली रिकामी करून देतील, ती घेऊ नकोस, धूळ निघत नाही. खिडकी समोरासमोर हवी, पिण्याचं पाणी वेगळं, आणि झोळ्या बांधायला छताला हुक. हुक स्लॅब ओतण्याआधी सांगावे लागतात, नंतर कुणी ऐकत नाही. संस्थेच्या ताई मी बघून देते.

जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई