उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: कॅडेटला शाल नको, हजेरी द्या

माननीय उच्च शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत स्पीड पोस्टाने आपल्या कार्यालयात धाडली आहे. मराठीत वेगळं लिहिते आहे ते लष्करातल्या आईबापांसाठी. लष्कर म्हणजे आमचं ग्वाल्हेरचं लष्कर: दौलतगंज, शिंद्यांची छावणी वगैरे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्याचंच पुढे गाव झालं आणि नाव तेच राहिलं. अशा गावात मुलगी खाकी घालते म्हटल्यावर घरचे हरखायला हवेत. हल्ली ते मला विचारतात, "मॅडम, एनसीसीमुळे मार्क तर नाही ना जाणार?" त्यांचं चुकत नाही.

इथल्याच एका महाविद्यालयात मी एकवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि जोडीला एनसीसीच्या मुली सांभाळल्या. एनसीसीच्या महिला अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी ग्वाल्हेरातच आहे. कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या देशभरातल्या प्राध्यापिका त्या प्रशिक्षणाला रेल्वेने येतात, मी रिक्षाने गेले. पहिल्याच रविवारी सासूबाई पुरणपोळीचा डबा घेऊन गेटवर आल्या आणि संतरीने त्यांना डब्यासकट परत पाठवलं. शिस्त म्हणजे काय ते आमच्या घरात सर्वांना त्या दिवशी एकदम कळलं.

आता मुद्द्यावर येते. माझ्याकडे मुरैन्याच्या बाजूची एक मुलगी होती. परेडच्या दिवशी पहाटेची बस धरून यायची. चिखल लागू नये म्हणून बूट पिशवीत आणायची, मैदानाच्या कडेला बसून कापसाच्या बोळ्याने घासत बसायची, मग बेल्टच्या पितळेला ब्रासो. बटालियनमधून ड्रिल शिकवायला येणारे उस्ताद सहसा कुणाची तारीफ करत नाहीत. तिने दिलेला 'तेज चल' ऐकून ते एवढंच म्हणाले, "इसकी आवाज पेट से निकलती है." त्यानंतर परेडची कमान तिच्याकडेच.

दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी तिची निवड सुरू झाली. ही निवड एका दिवसात होत नाही. आधी बटालियन, मग ग्रुप, मग भोपाळचं संचालनालय. एक शिबिर संपलं की दुसरं, आणि प्रत्येक वेळी थोड्या मुली गळतात. ती शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचली आणि तिथे गळली. परत आली तोवर दोन इंटर्नल परीक्षा होऊन गेल्या होत्या, हजेरी खाली आली होती. बटालियनचं पत्र घेऊन ती ऑफिसात गेली. बाबूंनी ते वाचलं, घडी घालून तिच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "एनसीसी काय आजार आहे का? मेडिकल आणा."

ती माझ्याकडे आली. रडली नाही. विचारलं, "मॅडम, खोटं सर्टिफिकेट आणू?"

मी नाही म्हटलं. एका पेपरात मुदत मिळाली, दुसऱ्यात शून्य तसाच राहिला. माझा सल्ला बरोबर होता की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याच वर्षी आमची दुसरी एक मुलगी दिल्लीला गेली. तिचा महाविद्यालयाने थाटात सत्कार केला, शाल, श्रीफळ, फोटो. चांगलंच केलं. पाहुण्यांना गार्ड ऑफ ऑनर देणाऱ्या तुकडीला आज्ञा देत होती ती ही शून्यवाली.

साहेब, २०२५ च्या दिल्लीच्या शिबिरात देशभरातून २,३६१ कॅडेट होते. एनसीसीत एकूण मुलं-मुली १७ लाखांच्या वर. म्हणजे गौरव दिल्लीवरच टांगून ठेवला तर तो कुणाच्या वाट्याला येणार? एका पायरीवरून परतलेल्यांनी मेहनत तेवढीच केलेली असते. वर्ग आणि परीक्षाही त्यांच्या तितक्याच बुडतात.

आपलं खातं म्हणेल, एनसीसी संरक्षण मंत्रालयाची आहे. खरं आहे. पदकं आणि प्रशस्तिपत्रं द्यायला ते मंत्रालय आहेच, महासंचालकांचं प्रशस्तिपत्र आहे, रक्षामंत्री पदक आहे. हजेरीपुस्तक मात्र आपलं आहे. शिवाय हे रोपटं मुळात विद्यापीठांच्याच अंगणातलं. १९४२ साली त्याचं नाव होतं युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर. १९४६ मध्ये देशभरासाठी अशी संघटना उभारायचा विचार करायला कुंझरू समिती बसली आणि १९४८ च्या कायद्याने एनसीसी आली. नावातलं विद्यापीठ गेलं, त्याबरोबर आपलेपणाही गेला की काय, अशी शंका येते.

एनसीसीच्या सर्वांत वरच्या परीक्षेच्या, म्हणजे 'सी' सर्टिफिकेटला निदान 'बी' ग्रेड आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर सैन्यात अधिकारी होण्याच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षा लागत नाही, मुलं सरळ मुलाखत मंडळासमोर जातात. सैन्य ज्या कागदावर एवढा भरवसा ठेवतं, तो माझ्या महाविद्यालयात फाइलला टाचणीने लावलेला असायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्येच एनसीसीला क्रेडिटचा वैकल्पिक विषय म्हणून मान्यता दिली. प्रत्येक महाविद्यालयात तो खरोखर शिकवला जातो का, परीक्षा होते का, हे एकदा जिल्हावार विचारून पाहा. उत्तरं मागवतानाच निम्मं काम होईल.

मला हवा आहे तो आदेश एका पानाचा आहे. शिबिरात काढलेला दिवस वर्गातला दिवस धरावा, त्यात निवड होवो न होवो. बुडालेली इंटर्नल परतल्यावर पंधरा दिवसांत घ्यावी आणि त्यासाठी कमांडिंग ऑफिसरचं पत्र पुरावं. 'सी' सर्टिफिकेटची ग्रेड गुणपत्रिकेवर छापावी. आणि दीक्षांत समारोहात विषयवार सुवर्णपदकांच्या रांगेत विद्यापीठातल्या सर्वोत्तम कॅडेटचंही नाव पुकारावं, हुद्द्यासकट: सीनियर अंडर ऑफिसर अमुक. ती निवड मात्र तीन वर्षांच्या कामावर व्हावी, दिल्लीच्या तिकिटावर नको. शाल नाही दिली तरी चालेल, युनिफॉर्मवर ती नीट बसतही नाही.

निवड शिबिरं दिवाळीआधीच सुरू होतात. आदेश जुलैत निघाला तर यंदाच्या मुलींच्या कामी येईल.

आपली,
एक निवृत्त एनसीसी अधिकारी, लष्कर, ग्वाल्हेर