एक चक्की गव्हावाचून

महोदय,

व्हीगन पाककृती हल्ली पुरवण्यांतून वरचेवर येतात. बहुतेकींत दुधाऐवजी काजू, दह्याऐवजी शेंगदाणे, पनीरऐवजी टोफू असा सरळ बदल असतो. घरात कुणाला शेंगदाणा, काजू किंवा सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर हे आगीतून फुफाट्यात पडणे झाले. खरे तर भाकरी, आमटी, उसळ, सोलकढी असल्या आपल्या जेवणाला या उसनवारीची फारशी गरजच नाही. घोटाळा होतो तो कुटात, तेलात, हिंगात आणि सर्वात जास्त गिरणीत.

साबुदाण्याच्या खिचडीतले दाण्याचे कूट जादा ओल शोषून घेते, म्हणून साबुदाणा मोकळा राहतो. ते नुसते वगळले की कढईत गच्च गोळा होतो. नारळ चालत असेल तर वाटीभर साबुदाण्याला पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बदामी भाजून, चुरून घ्यावा आणि पाव वाटी राजगिऱ्याच्या लाह्यांची भरड घ्यावी. साबुदाणा फोडणीत टाकण्याच्या अगदी आधी दोन्ही त्यात मिसळावे; लाह्या आधीपासून ओल्या साबुदाण्यात राहिल्या तर मऊ पडून उलट चिकटपणा वाढवतात. मिक्सरचे भांडे मात्र कुटाचे नको. झाकणाच्या रबरी रिंगेखाली आणि पात्याच्या बुडाशी कूट अडकून राहते, नुसत्या विसळण्याने ते जात नाही. ‘भाजले-तळले की सगळे मरते’ हा समजही सोडावा. शेंगदाण्यातली अ‍ॅलर्जी आणणारी प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत.

लाकडी घाण्यावरचे तेल शुद्ध म्हणून आवडीने आणले जाते. पण एकाच घाण्यावर शेंगदाणा, तीळ, करडई, खोबरे आळीपाळीने निघत असेल तर ‘करडईचे’ म्हणून आणलेल्या तेलातही शेंगदाण्याचा अंश उतरतो. इथे रिफाइंड सूर्यफूल किंवा करडई तेल बरे.

हिंगाची डबी उलटी करून घटक वाचावेत. बाजारातला बहुतेक हिंग डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो व ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. तांदळाच्या पिठाचाही मिळतो. वेष्टनावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण शाकाहारात दूध धरलेले आहे. २०२२ च्या नियमांनुसार आलेले व्हीगन चिन्ह प्राणिजन्य घटक नाहीत एवढेच सांगते; शेंगदाणा, गहू, सोया त्यात खुशाल असू शकतात. २०२० च्या लेबल नियमांत अ‍ॅलर्जीकारक घटकांची जी यादी आहे तिच्यात तीळ नाहीत. तेव्हा तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी फक्त अ‍ॅलर्जीची ठळक ओळ न पाहता घटकांची पूर्ण यादी वाचावी.

आता गिरणी. सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्या माणसाला ‘ज्वारीची भाकरी खा’ म्हणणे सोपे, पण ती ज्वारी दळली कशावर? ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असे आपण सांगतो ते चवीसाठी. त्या ज्वारीच्या आधी गहू पडलेला असतो आणि तो चक्कीच्या दगडाच्या खाचांत, पीठ उतरते त्या कापडी नळीत बसून राहतो. ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची आपल्याकडची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात, म्हणजे जेमतेम अर्ध्या चहाच्या चमच्यात, ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. किलोभर ज्वारीत तेवढे मिसळले तरी मर्यादेच्या चौपट-पाचपट झाले. सकाळचे पहिले दळण मागूनही भागत नाही, काल रात्रीचा गहू आत असतोच. घरघंटी सगळ्यांना परवडत नाही, आणि घेतली तरी तिच्यात गहू एकदाही घालून चालत नाही.

नौपाडा, पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या गिरणीमालकांना म्हणून एक विनंती. डाळीला, मसाल्याला वेगळी चक्की जशी ठेवता तशी एक चक्की फक्त तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वरईसाठी राखून ठेवा. तिची नळी आणि चाळणही वेगळी असावी, आणि वर ठळक पाटी. डाळीची चक्की यासाठी चालणार नाही. तिच्यावर थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट दळले जाते, आणि दोन्हींत बहुधा गहू असतो.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)